राजकीय सामाजीकरण, बाळकडू की जडणघडण?

धरमपेठकर: बी.ए.च्या मुलांसाठी टिपणं काढतो आहे. लहानपणापासून माणसाची राजकीय मतं कशी तयार होतात, त्याला पुस्तकांत 'राजकीय सामाजीकरण' म्हणतात. परीक्षेच्या पेपरात ठीक आहे, पण वर्गात हा शब्द काढला की अर्धी मुलं खिडकीबाहेर बघतात. 'राजकारणाचं बाळकडू' लिहिलं तर?

महालची: नको. बाळकडू कोणीतरी ठरवून, मोजून पाजतं. वर्तमानपत्रात तो शब्द कुणासाठी येतो बघा: 'वडील आमदार, त्यामुळे राजकारणाचं बाळकडू घरातूनच मिळालं.' म्हणजे निवडणूक लढवायचं शिक्षण. ऑटोवाल्याच्या पोरीबद्दल असं लिहिलेलं वाचलंय कधी? मतं तर तिलाही असतात.

अजनीकर: मग 'संस्कार' म्हणा, सोपं.

महालची: संस्कार म्हटलं की ते चांगलेच असणार, असं आपण धरून चालतो. पोरगं घरातून दुसऱ्या जातीचा राग उचलत असेल, तर त्याला काय म्हणाल?

'जडणघडण' मला बरा वाटतो, कारण त्यात पाजणारा कोणी नसला तरी चालतं. तान्ह्या पोळ्याला आपल्या नागपुरात पोरं लाकडी बैल सजवतात, आणि त्याच दिवशी मारबत निघते, म्हणजे इडापिडा घालवायची पुतळ्यांची मिरवणूक. बडग्यांवर, म्हणजे तिच्यातल्या पुरुषी पुतळ्यांवर, महागाई, भ्रष्टाचार, एखादा पुढारी. बापाच्या खांद्यावर बसलेलं सहा वर्षांचं पोरगं घसा फोडून ओरडतं, 'घेऊन जा गे मारबत!' महागाई म्हणजे काय त्याला ठाऊक नाही, पण कुणाच्या नावानं ओरडायचं ते पक्कं समजलेलं असतं. हिवाळी अधिवेशनातही तेच. मोर्च्यात स्कूल व्हॅन अडकली की पोरं विचारतात, 'काका, हे काहून ओरडून राह्यले?' काका जे सांगतील, तो त्या दिवशीचा नागरिकशास्त्राचा तास.

धरमपेठकर: भावना आधी, माहिती मागून, हे राज्यशास्त्रज्ञ ग्रीनस्टाइनच्या अभ्यासाशी जुळतं. अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या शाळकरी मुलांना राष्ट्राध्यक्ष नेमकं काय करतो हे धड सांगता येत नव्हतं, पण तो भला माणूस आहे याची खात्री होती. जेनिंग्ज आणि नीमी या संशोधकांनी १९६५ मध्ये अमेरिकाभरच्या बारावीच्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची मतं वेगवेगळी विचारली. पक्ष बराच जुळला. एकेका प्रश्नावरची मतं मात्र त्या मानानं फारच कमी.

अजनीकर: म्हणजे पक्षाचं बाळकडू लागतं, मतांचं नाही!

इंदोऱ्याचा: सगळीकडे एकच माप लावू नका. आमच्या घरात तर ठरवूनच पाजलं. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा आजीनं पाठ करून घेतल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर काय झालं, हे शाळेच्या पुस्तकाआधी तिच्या तोंडून ऐकलं. याला 'जडणघडण' म्हटलं तर आजीची मेहनतच पुसली जाते. इथं बाळकडूच बरोबर, आणि कडूही होतंच ते.

महालची: हे मान्य. मग बाळकडू हा जडणघडणीचा एक भाग धरा, घरानं जाणून केलेला.

धरमपेठकर: ठरलं. मथळ्यात 'राजकीय जडणघडण', खाली एकदा परीक्षेचा शब्द, आणि बाळकडू कुटुंबाच्या परिच्छेदात. आता 'सामाजीकरणाची अभिकरणे' याचं काय करू?

अजनीकर: अभिकरणं गेली चुलीत. घर, शाळा, दोस्त, मोबाइल असं लिहा ना राजेहो.

धरमपेठकर: मोबाइल नको, 'माध्यमं' लिहितो. पेपर तपासणारे आमच्याच वयाचे आहेत.