सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, कपाटामागे काळे ठिपके: गळती की थंडीचा दमटपणा?

कोपऱ्यातली_खोली
थंडी सुरू झाल्यापासून झोपायच्या खोलीच्या काचा सकाळी आतून ओल्याचिंब असतात. पाणी ओघळून खिडकीच्या खालच्या पट्टीत साठतं. लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून आहे. त्यामागे खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके आलेत आणि आतल्या चादरींना कुबट वास येतोय. खोली साधारण १२ बाय १२ फूट, उंची १० फूट. आम्ही दोघं, बाळ आणि सासूबाई तिथेच झोपतो. कपडेही तिथेच स्टँडवर वाळतात. बाळाचं नाक चोंदतं म्हणून रात्री ह्युमिडिफायर (हवेत वाफ सोडणारं यंत्र) चालू असतो. खिडकी उघडली तर बाळाला सर्दी होईल, असं सासूबाईंचं म्हणणं.
ही गळती आहे का, हे कसं ओळखायचं? खिडकी उघडायची तर केव्हा, किती वेळ? आणि बुरशीवर सरळ रंग मारून टाकला तर चालेल का?

गिलावा
रंगाचं आधी सांगतो: नको. बुरशी रंगाखाली जिवंत राहते आणि काही आठवड्यांत रंगाला फुगे आणून वर येते.
गळती ओळखायला साधी चाचणी करा. कपाट पुढे ओढा, भिंत कोरड्या फडक्याने पुसा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. कडेतून हवा शिरली तर चाचणी फुकट. दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आलं तर ते खोलीतल्या हवेचं. भिंतीकडच्या बाजूला आलं तर भिंतीतूनच ओल येतेय. मग बाहेरच्या भेगा, पलीकडचं न्हाणीघर, वरून येणारा पाइप तपासा.
डागाचा आकारही सांगतो. गळतीच्या डागाला पिवळट-तपकिरी कड असते, पांढरे क्षार फुटतात, पोपडे निघतात, आणि डाग थंडी-उन्हाळा पाहत नाही. दमटपणाची बुरशी कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला, सामानाच्या मागे सुट्या ठिपक्यांनी येते. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराकडे झुकतंय.
सोबत एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, घ्या. तो बरोबर दाखवतो का हे घरीच कळतं: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोड्या पाण्याने ओल्या वाळूइतकं भिजवा, मीठ विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. ७५ टक्के दिसायला हवेत. जेवढा फरक, तेवढा पुढच्या आकड्यात धरायचा.

कोपऱ्यातली_खोली
चाचणी केली. पाणी खोलीच्या बाजूलाच आलं. मिठाची तपासणी करून घेतलेला आकडा: पहाटे १९ अंश, ७८ टक्के. हे खूप आहे का?

दवबिंदू
खूपच आहे. १९ अंश आणि ७८ टक्के म्हणजे दवबिंदू साधारण १५ अंश. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणार. काच सगळ्यांत थंड, म्हणून तिथे आधी दिसतं. पण बुरशीला पाणी दिसेपर्यंत थांबावं लागत नाही. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की तिला पुरतं. तुमच्या खोलीत भिंत साडेअठरा अंशांवर आली की ती हद्द गाठली जाते, आणि कपाटामागे खोलीची ऊब पोचत नसल्याने ती जागा याहून बरीच थंड असणार. हीच आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणलीत, तर भिंत साधारण १३ अंशांपर्यंत उतरली तरी निभावतं.
आता पाणी येतं कुठून ते पाहू. तुमच्या खोलीएवढी हवा १९ अंशांना फार तर ६५०-७०० मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. झोपलेला मोठा माणूस श्वास आणि घामातून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो. म्हणजे तीन मोठी माणसं आणि बाळ मिळून रात्रभरात लिटरभर. पाच किलो कपडे स्पिननंतरही अडीच-तीन लिटर पाणी धरून असतात, आणि ते सगळं त्याच खोलीत उडतं. वर ह्युमिडिफायर. काचांचा दोष नाही, हिशेबच तसा आहे.
म्हणून क्रम असा: ह्युमिडिफायर आजच बंद. तो कोरड्या हवेसाठी, म्हणजे ४० टक्क्यांच्या खाली. ७८ टक्क्यांत त्याने नाक मोकळं होत नाही, बुरशीचे कण मात्र वाढतात. चोंदलेल्या नाकाला सलाइनचे थेंब घालतात. किती आणि केव्हा ते बाळाच्या डॉक्टरांना विचारा. दूध ओढताना दम लागत असेल किंवा श्वास जोरात चालत असेल तर थेंबांवर विसंबून थांबू नका. कपड्यांचा स्टँड दुसरीकडे हलवा. मग खिडकी.
सासूबाईंना एवढंच सांगा की सर्दी विषाणूंमुळे होते, आणि बंद खोलीत ते जास्त साचतात. बाळाला दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत न्या आणि समोरासमोरची खिडकी-दार सताड उघडा. दिवसभर बोटभर फट ठेवण्यापेक्षा हे बरं. फटीने हवा फारशी बदलत नाही, कडेची भिंत मात्र गार पडते. सकाळी उठल्याबरोबर एकदा, झोपण्याआधी एकदा.

ऊनसावली
वरच्या सल्ल्याला एक अट जोडते. दहा मिनिटांचा नियम आत ऊबदार आणि बाहेर गार असेल तेव्हाच चालतो. बाहेर १० अंश आणि ९० टक्के असले तरी त्या हवेत घनमीटरला साडेआठ ग्रॅमच पाणी असतं. आत येऊन २० अंशांना तापली की तीच ५० टक्क्यांवर येते. धुकं पाहून खिडकी लावून घेणारे इथेच फसतात. पण हीटर नसलेल्या घरात बरेचदा आत-बाहेर दोन अंशांचाही फरक नसतो. तेव्हा पहाटे उघडून फार काही साधत नाही. दुपारी, बाहेरची आर्द्रता सर्वांत कमी असते तेव्हा, तासभर उघडा ठेवा. टक्क्यांची तुलना करू नका, दोन्हीकडचे दवबिंदू ताडून पाहा. बाहेरचा कमी असेल तरच उघडण्यात अर्थ.
कपड्यांसाठी: एक जादा स्पिन हा सगळ्यांत स्वस्त उपाय. मग एक छोटी खोली ठरवा, तिचं दार बंद, एक्झॉस्ट फॅन चालू आणि दाराखाली हवा यायला फट. स्टँडवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर, पंखा खालून वर झोत जाईल असा. जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढा. लोकरीचे कपडे आडवे पसरा, आणि ते हाताला कोरडे लागले तरी लगेच कपाटात घालू नका. लोकर बरीच वाफ मुरवूनही ओली लागत नाही. गाद्या-रजया ऊन उतरायच्या आत उचला, नाहीतर संध्याकाळचा गारवा पुन्हा ओल भरतो.
हीटरवर किंवा त्याला चिकटून कपडे कधीच नाहीत, किमान तीन फूट लांब. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला ९ अँपिअरच्या जवळ वीज ओढतो, तो साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. आणि शेगडीत कोळसे पेटवून बंद खोलीत ठेवणं हा ऊब देण्याचा मार्गच नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गिलावा
आता सफाई. डाग साधारण तीन बाय तीन फुटांहून मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवा. लहान असेल तर घरी करा, पण बाळाला त्या वेळी खोलीत आणू नका. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, खिडकी उघडी. कोरड्या ब्रशने कधी घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याची फवारणी, मग ओल्या फडक्याने डागाच्या कडेकडून आतल्या दिशेने पुसणं, आणि फडकं थेट पिशवीत बांधून कचऱ्यात.
रंग घट्ट असलेल्या भिंतीला त्यानंतर चार लिटर पाण्यात जास्तीत जास्त एक कप ब्लीच लावा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, अॅसिड किंवा अमोनियाचा कुठलाही क्लीनर मिसळायचा नाही, विषारी वायू होतो. कच्च्या लाकडावर ब्लीच वरचा रंग उडवतं, आत मुरत नाही. तिथे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं ठेवून पुसणं बरं. कपाटाची मागची फळी फुगली असेल तर ती बदलाच.
भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग. कपाट परत लावताना भिंतीपासून तीन इंच पुढे, आणि तळाला पाय असतील तर उत्तम, खालून हवा वर चढते. आत चादरी ठासून भरू नका. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या बंद कपाटात चालतात, खोलीत त्यांचा उपयोग नगण्य; साठलेलं खारट पाणी सांडू देऊ नका. डांबर गोळ्या कीड रोखतात, ओल शोषत नाहीत. बाळाच्या कपड्यांत तर त्या नकोतच, जी-६-पीडी या, रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे रक्तपेशी फुटतात.

खटका
एक राहिलं. खिडकी सरकती अॅल्युमिनियमची असेल तर खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायची छोटी भोकं असतात. धूळ आणि मेलेल्या किड्यांनी ती बुजतात, म्हणून पाणी साठून भिंतीत उतरतं. पट्टी ब्रशने साफ करा, भोकात तार फिरवा, कपभर पाणी ओतून ते बाहेर जातंय का पाहा. काही रंगाऱ्यांना ती सिलिकॉनने बंद करायची हौस असते, तेही तपासून घ्या.