दहावीनंतर भावाला आयटीआय की अकरावी सायन्स? लवकर काम लागणं गरजेचं आहे

अंबडची_ताई:
नमस्कार. धाकटा भाऊ यंदा दहावी झाला, ५८ टक्के. पप्पा म्हणतात अकरावी सायन्स घे, पुढचं पुढे बघू, पण त्याचा सगळा ओढा मोटारी खोलण्याकडे, विहिरीवरची मोटर जळाली की वाइंडिंगवाल्याकडे जाऊन बसतो तो संध्याकाळीच घरी येतो. मामा म्हणतात आयटीआय कर. गावात मात्र आयटीआय म्हणजे नापास पोरांचं असंच बोलतात आणि पप्पांना तेच लागतं. त्यात एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटवाल्याचा सारखा फोन येतोय, सहा महिन्यांचा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) कोर्स, पंचाहत्तर हजार फी, शंभर टक्के जॉब म्हणतात. लवकर कमवायला लागला पाहिजे पण शिक्षणही थांबू नये असं वाटतं. काय करावं?

वाळूजचा_टर्नर:
ताई, ते पंचाहत्तर हजार आधी वाचवा. मी मशीन शॉपला आहे, नवीन पोरं माझ्याच हाताखाली येतात. पोरगा आला की मी त्याच्या हातात ड्रॉइंग, शाफ्ट आणि मायक्रोमीटर देतो, २५ मिमी व्यास, टॉलरन्स म्हणजे चालेल तेवढा फरक ०.०२ मिमी, मोज आणि सांग पास का रिजेक्ट. सहा महिनेवाले बरेच इथेच अडकतात. मशीनचे कोड, जी झिरो झिरो म्हणजे रॅपिड (टूल झटकन सरकवणं), जी झिरो वन म्हणजे कटिंग फीड (कापत पुढे नेणं), हे त्यांना पाठ असतं पण टूल झिजून साइज वाढायला लागला की ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती, किती द्यायचा ते सुचत नाही. आयटीआयला फिटर-टर्नरची पोरं सुरुवातीला नुसती कानस मारतात, गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावून फटीतून उजेड दिसतो का बघतात, परत कानस. कंटाळवाणं आहे पण मापाची नजर तिथेच बसते. बटण दाबायला दोन आठवड्यात कोणीही शिकतं हो.

तंत्रनिकेतन_सर:
वाइंडिंगची आवड आहे तर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड (म्हणजे शाखा) घ्या, त्यात मोटर वाइंडिंग अभ्यासक्रमातच आहे. मुख्य म्हणजे तो दोन वर्षांचा आहे. दहावी अधिक दोन वर्षांचा आयटीआय केला की इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, वेल्डरसारख्या एक वर्षाच्या ट्रेडवर तो रस्ता नाही, त्यामुळे ट्रेड निवडतानाच हे बघा. माझ्या वर्गात अशी मुलं दरवर्षी येतात, प्रॅक्टिकलला बाकीच्यांच्या पुढे असतात पण पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं म्हणून एसी सर्किटला त्रिकोणमितीत गाडी अडते. आयटीआय चालू असतानाच गणित सोडू देऊ नका, हे कळकळीने सांगतो.
आणि अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम करत शिकणं, करायचीच. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, विद्यावेतनही मिळतं. नोंदणी सरकारी पोर्टलवरच करा, त्यासाठी एजंटला एक रुपया देऊ नका.

शिरूरकर:
वरचं सगळं पटलं, फक्त एक भर घालतो. नोकरीपेक्षा स्वतःचं दुकान टाकायचं डोक्यात असेल तर आमच्याकडे पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ ला सुरू केलेला. तिथे एक वर्षाचा निवासी कोर्स असतो, वर्कशॉप, वीज, शेती-पशुपालन सगळं हाताने करत शिकायचं. दहावीच्या मार्कांवर तिथे काही अडत नाही. गावातच वेल्डिंग, वायरिंग, पंप दुरुस्तीचं काम काढणाऱ्याला हे जास्त उपयोगी पडतं असं माझं मत.

अंबडची_ताई:
खूप आभार सगळ्यांचे. डिप्लोमाचा रस्ता उघडा राहतो हे वाचून दाखवलं तेव्हा पप्पा जरा नरमले. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये इलेक्ट्रिशियन पहिला ऑप्शन टाकतोय. नाही लागला तर फिटर घ्यावा का पुढच्या राउंडची वाट बघावी?

तंत्रनिकेतन_सर:
इलेक्ट्रिशियनच्या खाली वायरमन टाका, तोही दोन वर्षांचा, मग फिटर. जालन्यासोबत संभाजीनगरच्या आयटीआयचेही ऑप्शन भरा, आणि तिथे हॉस्टेल मिळतं का ते फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या.