वाचलेल्याच्या नोट्स मोबाईलवर: फोल्डर-टॅग लावणं म्हणजे निव्वळ टाईमपास?

पेठेतला_वाचक
भांडणाचाच विषय काढतोय, आधीच सांगतो. डिजिटल नोट्सवाले निम्मे लोक वाचत कमी आणि कपाट लावत जास्त बसतात. ऑब्सिडियन घे, नोशन घे, कुठलंही नोट्सचं ॲप घे, टॅग, रंग, प्लगिन, आणि आत बघावं तर पुस्तकातनं जसाच्या तसा उचललेला उतारा. किंडलवर बोट फिरवून पिवळं करायला काय डोकं लागतंय? पुस्तक मिटायचं, आपल्या शब्दात चार ओळी टाईप करायच्या, पुस्तकाचं नाव आणि पान नंबर, बास. शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या आरक्षणाच्या जाहीरनाम्यावर माझी नोट एवढीच आहे: "५० टक्के, पण रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी. महाराज तेव्हा विलायतेत." बाकी शोधायचं काम सर्चचं.

राजारामपुरी_बारावी_गल्ली
सर्चचं म्हणे! भावा, मराठीत कधी सर्च मारलायस का? "कारखाना" टाकलं तर "कारखान्याचा", "कारखान्यात" काय सापडत नाही, आणि आपल्याकडं ऊस-सहकारावर वाचायचं म्हटलं की तेच रूप जास्त येतंय. "ॲक्ट" तर दोन तऱ्हेनं टाईप होतंय, एकात ॲ हे सबंध अक्षर, दुसऱ्यात अ वर वेगळा चंद्र. दिसायला डिट्टो सेम पण मशीनला वेगळं, म्हणून फोनवर लिहिलेलं लॅपटॉपवर मिळंना झालंय. ठरलेला टॅग एकदा लावला की ही कटकटच नाही.

पेठेतला_वाचक
"कारखान" एवढंच टाक की, सगळी रूपं येतात. चंद्राचं मात्र बरोबर आहे तुझं, त्या ठिकाणी मी पण शिव्या घालतो.

वही_पेन_जिंदाबाद
सगळं सोडा, हातानं लिहा. अमेरिकेत २०१४ ला म्युलर आणि ओपेनहायमर यांनी दाखवून दिलंय, लॅपटॉपवाले ऐकलेलं शब्दशः उतरवतात आणि समज कमी पडते.

राजारामपुरी_बारावी_गल्ली
ते लेक्चरच्या नोट्सवर होतं, पुस्तकाच्या न्हवे. आणि २०२१ ला दुसऱ्यांनी तोच प्रयोग परत केला तेव्हा लॅपटॉपवाल्यांनी शब्दशः जास्त उतरवलं खरं पण परीक्षेत हातानं लिहिणारे काय वरचढ निघाले नाहीत. दुसरं म्हणजे २०१९ च्या महापुरात आमच्या पाव्हण्यांच्या घरात पाणी शिरलं, वह्यांचा लगदा झाला सगळा. जिंदाबाद म्हणायच्या आधी वह्या कुठल्या मजल्यावर ठेवतोस ते सांग.

वही_पेन_जिंदाबाद
दुसऱ्या. 😀 आणि तुमचं ॲप उद्या बंद पडलं किंवा पैसे मागायला लागलं तर? एव्हरनोटनं २०२३ ला फुकटवाल्यांना ५० नोट्सवर आणून बसवलंच की.

पेठेतला_वाचक
म्हणून तर साध्या टेक्स्ट फाईल. ऑब्सिडियनची तेवढी एक गोष्ट मानतो, फाईल आपल्याच मशीनवर राहते, ॲप गेलं तरी नोटपॅडमध्ये उघडतीया.

नगरवाचन_मेंबर
तुमची तिघांची पुस्तकं स्वतःची दिसतायत. मी कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिर या वाचनालयातनं आणतो (१८५० ची संस्था हो, उगाच न्हवे), रेघ ओढता येत नाही आणि पुस्तक परत द्यायचं असतंय, त्यामुळं उतारा पण लागतोच. चार ओळींवर कोणाशी वाद घालायला गेलं तर समोरचा मूळ वाक्य मागतो. आणि लावणं म्हणजे टाईमपास असता तर जर्मनीतल्या निकलास लुहमन या समाजशास्त्रज्ञानं ९०,००० च्या आसपास चिठ्ठ्या नंबर घालून ठेवल्या असत्या का?

पेठेतला_वाचक
तोच माझा साक्षीदार आहे! त्यानं विषयवार कप्पे केले नाहीत, नवीन चिठ्ठी जिच्याशी जुळती तिच्या मागं घातली, आणि जास्त करून स्वतःच्या शब्दात लिहिली. आणि त्यातनं पुस्तकं लिहिली, डझनांनी. तुझ्या उताऱ्यातनं काय निघालं?

नगरवाचन_मेंबर
गेल्या महिन्यात एका लेखात चुकीचा सन छापून आलेला, तो उतारा पान नंबरासकट पाठवून दुरुस्त करून घेतला. तुझ्या "महाराज तेव्हा विलायतेत" वर संपादक हलला असता काय?

पेठेतला_वाचक
पान नंबर मी पण लिहितोय की राव, वर वाच नीट.