अक्षर बघा, मग भाव करा

लीड्सच्या दुकानदाराने 50 वॉटचा मार्शल हेड (गिटारच्या अँप्लिफायरचा स्पीकर नसलेला भाग) "1968 चा प्लेक्सी" म्हणून दाखवला, पण पुढची पट्टी घासलेल्या सोनेरी धातूची आहे, असं लिहून एका वाचकाने साल कसं ओळखायचं ते विचारलंय. मग तो प्लेक्सी नाहीच. प्लेक्सी म्हणजे पुढे प्लास्टिकची पट्टी असलेला मार्शल, आणि ती पट्टी 1969 च्या मध्यात बंद झाली. मागच्या सिरियल नंबरच्या शेवटचं अक्षर वाचा: C म्हणजे 1971, D म्हणजे 1972, E म्हणजे 1973.

व्हॉल्व्हवरून (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांवरून) साल ठरवायला मात्र जाऊ नका. मुलार्ड कंपनीच्या EL34 या व्हॉल्व्हवर बुडाशी कोरलेला B हा ब्लॅकबर्नच्या कारखान्याचा, पुढचा आकडा सालाचा शेवटचा अंक, त्यानंतर महिन्याचं अक्षर. वाचायला मजा येते, पण पन्नास वर्षांत व्हॉल्व्ह कितीदा बदलले असतील कोण जाणे! त्यापेक्षा आतला बोर्ड बघा. 1973 च्या सुमारास हाताने जोडलेले बोर्ड जाऊन छापील आले, आणि किमतीत फरक पडतो तो तिथेच.

दुरुस्तीचं म्हणाल तर फिल्टरचे (आतला वीजपुरवठा स्थिर ठेवणारे) जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बिनधास्त बदला, पण पिवळे मुलार्ड कपॅसिटर ठणठणीत असतील तर त्यांना हातही लावू नका. काढलेले भाग पिशवीत जपून ठेवा, पुढचा गिऱ्हाईक विचारतोच. प्लग काढल्यावरही आत 400 व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात, म्हणून मीटरने मोजल्याशिवाय बोट घालायचं नाही. आणि स्पीकर जोडल्याशिवाय हेड चालू केलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा.