टीबीच्या औषधांच्या दिवसांत वजन कसं वाढलं? आपापले अनुभव लिहा

गेल्या महिन्यात नवऱ्याचा सहा महिन्यांचा कोर्स संपला. त्या काळात आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं ते वजनकाट्याबद्दल. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना औषधांसोबत दरमहा शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे दोनच किलो! ते दोन किलो तुमच्याकडे कसे आले, आले नाहीत तर काय केलंत, ते लिहा. नाव नको, भाग सांगितला तरी पुरे.

सदाशिव पेठ
स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. उंची पाच फूट सात, वजन ४४. कॉट बेसिसवर राहणं, दोन वेळची मेस, मधे नुसता चहा. निदान झालं तसं रूमवरच्या मुलांनी माझं ताट वेगळं केलं. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही, हे डॉक्टरांनी त्यांना फोनवर समजावलं, तेव्हा खोलीच्या खिडक्या उघडल्या आणि ताट परत आलं. पहिले पंधरा दिवस दोन पोळ्या संपेनात. मेसच्या काकूंनी आपणहून डबा अर्धा अर्धा करून चार वेळा न्यायला सांगितलं, वरणावर तूप, रोज उसळ. खोलीवर मी फुटाणे, शेंगदाणे, गूळ ठेवला. रात्री वाचताना मूठ मूठ तोंडात टाकायचो. मंडईतून केळी आणायचो, अंडी किटलीत उकडायचो. एका नातेवाइकाने प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणला होता. माझं स्पष्ट मत आहे, त्या पैशांत महिनाभराची अंडी येतात. दोन महिन्यांनी ४७, सहाव्या महिन्यात ५४. गोळ्या किती ते वजनावर ठरतं, म्हणून दर महिन्याला काट्यावर उभे राहाच.

बिबवेवाडी
मुलीकडून लिहून घेतेय. मी चार घरची कामं करते. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं, असंच होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनी विचारलं, "मावशी, आज काय खाल्लंत?" मला रडूच आलं. तेव्हापासून मुलगी आधी माझं ताट वाढते. टीबीच्या रुग्णांना खाण्यासाठी सरकार पैसे देतं, त्या निक्षय पोषण योजनेचे आता महिन्याला १००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). माझं खातं आधारला जोडलेलं नव्हतं, म्हणून पैसे उशिरा आले. बायांनो, ते काम पहिल्याच आठवड्यात करून टाका.

पिंपरी
वडिलांना आधीपासून मधुमेह. साखरेच्या भीतीने त्यांनी भात, फळं, दूध सगळंच सोडलं आणि दोन महिन्यांत वजन वाढायचं सोडून एक किलो घटलं. खरं कारण निराळंच निघालं. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे त्यांच्या साखरेच्या गोळ्यांचा असर कमी झाला होता. डॉक्टरांनी काही काळ इन्सुलिन सुरू केलं, मग डाळी, अंडी, भाकरी पोटभर. वजन हळूहळू चढलं.

वारजे
माझा दुसरा महिना चालू आहे. सकाळी उपाशीपोटी गोळ्या, मग दुपारपर्यंत मळमळ, खाणं नकोसं. वजन तिथंच. कोणी काय केलं?

धागा सुरू करणारी
ताई, यांनाही अगदी असंच व्हायचं. डॉक्टरांना विचारून आम्ही गोळ्यांची वेळ रात्री झोपताना केली आणि सकाळची पेज, मऊ भात खाली उतरायला लागला. तुम्हीही विचारून बघा, मनाने बदलू नका, आणि डोस चुकवू तर नकाच. लघवी लालसर होते ती औषधाने, तिला घाबरू नका. पण उलट्या थांबत नसतील किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दाखवा, यकृत तपासावं लागतं. उद्याच जाऊन या आणि काय म्हणाले ते इथे कळवा, मी वाट बघते.