जपानी बोलताना 'नि' आणि 'दे' मध्ये गोंधळ, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन महिन्यांपूर्वी तोक्योत निशिकासाईला आले. रोजचं 'सुमिमासेन' (माफ करा), 'आरिगातो गोझाइमास' (धन्यवाद) जमतं. वाक्यरचनाही आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी: 'ओचा ओ नोमिमास' म्हणजे 'चहा पिते'. शिवाय पितो-पिते असा फरक नाही, हे सुखच!

अडतंय ते नामामागे येणाऱ्या 'नि' आणि 'दे' पाशी. मराठीत दोन्हीकडे 'खोलीत'च, पण 'खोलीत आहे' म्हणजे 'हेया नि इमास' आणि 'खोलीत जेवते' म्हणजे 'हेया दे ताबेमास'. असण्याला 'नि', करण्याला 'दे' असं मी ठरवून टाकलं होतं. मग 'निशिकासाईत राहते' हे 'निशिकासाई नि सुन्दे इमास' का? राहणं हे करणं नाही का? आणि 'देन्शा दे इकिमास' (ट्रेनने जाते) मधला 'दे' तर सरळ आपला 'ट्रेनने' मधला 'ने' वाटतो.

दुसरं, दुकानात पिशवी हवी का विचारलं की मी हसून 'दाइजोबु देस' (ठीक आहे) म्हणते आणि पिशवी मिळत नाही. आता कळलं, तो नकार असतो! मग 'हो, द्या' साधेपणाने कसं म्हणायचं? नुसतं 'ओनेगाइशिमास' (कृपया) पुरेल का?

लिपी सावकाश शिकेन, आधी बोलता यायला हवं. तुम्ही हे नियम लक्षात कसे ठेवलेत?