गायरान सोलर कंपनीला द्यावं का? माझं मत : द्यावं

पाटावरचा (धागाकर्ता)
आमच्या गावात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला पाच मेगावॅटचा प्रोजेक्ट यायचाय, जागा गायरानातली बावीस एकर, आणि त्यावरून गावात उभे दोन तट पडलेत. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सबस्टेशनच्या जवळपास जमीन सरकार देतं नाहीतर शेतकरी भाड्याने देतो, प्लांट उभारायचा पैसा खासगी कंपनी घालते, केंद्राच्या कुसुम (शेतीसाठी सौर वीज) योजनेतून थोडं अनुदान मिळतं आणि तयार झालेली वीज ठरलेल्या दराने २५ वर्षं घेतली जाते, ती शेतीच्या फिडरला, म्हणजे सबस्टेशनवरून पंपांना वीज नेणाऱ्या लाईनला, दिवसा मिळते. २०१७ ला राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधल्या कोळंबीपासून सुरुवात झाली, २०२३ ला योजनेची सुधारित आवृत्ती २.० आली.

मी बाजूने आहे आणि कारण एकच, रात्रीचं पाणी. शेतीच्या विजेची एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, हे आम्ही जन्मापासून बघतोय. मागच्या पौषात रात्री दीडला थ्री फेज (पंप चालवणारी वीज) आली, गव्हाला शेवटचं पाणी होतं, वडील एका हातात बॅटरी अन् एका हातात फावडं घेऊन दारं धरायला गेले आणि पाटाच्या कडेला घसरून मनगट मोडून घेतलं. सकाळी सहाला घरी आले तेव्हा हाताला गमछा गुंडाळलेला, म्हणाले वाफा फुटला असता म्हणून थांबलो. बासष्ट वय आहे त्यांचं. सरकारकडे एवढा पैसा एका वेळी नाही, मग खासगी घालत असेल तर घालू द्या ना.

गुहागरकर
तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण "खासगी पैसा घालतंय" हे वाक्य आम्ही नव्वदच्या दशकात ऐकलंय. दाभोळला एन्रॉन ही अमेरिकी वीज कंपनी आली तेव्हा हेच सांगितलेलं, १९९९ ला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला आणि २००१ ला राज्य वीज मंडळाने वीज घेणंच बंद केलं कारण परवडेना. तिथेही करार लांबचाच होता. २५ वर्षं म्हणजे पाच विधानसभा झाल्या, तोवर आज सही करणारा कुठे असेल?

हिशेबनीस
@गुहागरकर एन्रॉनची जखम खरी आहे, पण दोन्ही करार शेजारी ठेवून बघा. तिथे वीज घ्या नाहीतर नका घेऊ, स्थिर आकार भरायचाच होता, वर इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेलापासूनचं, आणि हिशेब डॉलरला बांधलेला, रुपया घसरला की आपलं बिल चढलं. इथे बोली लावून दर ठरतो, २.० मध्ये तो तीन रुपयांच्या आसपास आलाय, आणि इंधन ऊन आहे त्याचा भाव वाढणार नाही. प्लांट उशिरा झाला, पॅनल कमी चालले तर ते कंपनीच्या अंगावर.

गुहागरकर
अंगावर कंपनीच्या, मग कंपनीचं बिल थकू नये म्हणून फिरता निधी ठेवलाय तो कुणाचा? जमीन नाममात्र भाड्याने, अनुदान वेगळं, पैशाची हमी वेगळी. भागीदारी म्हणायची तर नफ्यातही गावाला भाग पाहिजे.

हिशेबनीस
निधी सरकारचाच. पण पैसे वेळेवर येणार दिसलं की बँक कमी व्याजाने कर्ज देते आणि दर तीनवर येतो, नाहीतर तोच दर वर गेला असता. नफ्यातल्या भागाचं मात्र तुमचं पटतं. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असे तीन वर्षं मिळतात, पुढची बावीस वर्षं काय?

वाडीवरचा
तुम्ही सगळे दरावर बोलताय, जमिनीवर कोणीच नाही. खासगी शेतकऱ्याने जमीन दिली तर एकरी ५० हजार वर्षाला, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. गायरान दिलं तर चारणाऱ्याला काय मिळतं? काही नाही. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने गावाच्या सामाईक जमिनी राखा म्हणून बजावलं होतं. आमच्या शेजारच्या गावात कुंपण पडलं ते थेट पाणवठ्याच्या वाटेवर, आता गुरं दोन किलोमीटर वळसा घालून जातात, उन्हाळ्यात गाभण गाय एवढी चालवून बघा एकदा. फाटक ठेवू म्हणाले होते, कागदावर कुठेच नाही.

बोरवेल
माझा वेगळाच मुद्दा आहे. मोठा प्रोजेक्ट कशाला, मागेल त्याला सौर पंप योजना आहे की, दहा टक्के भरा, आपला पंप आपल्या बांधावर, ना कंपनी ना गायरान. दुसरं म्हणजे दिवसभर फुकट वीज मिळाली की आमच्या भागातले बोअर आणखी खाली जाणार, आत्ताच कुठे पाचशे फुटावर लागतंय.

पाटावरचा
@बोरवेल माझ्या चुलत्याने सौर पंप घेतलाय, विहिरीवर झकास चालतो पण पाणी खोल गेलं की दम टाकतो, आणि ढगाळ दिवशी बसून राहतो. फिडर सोलरवर असला तरी ग्रीडला जोडलेलाच असतो, ढग आले तर वीज दुसरीकडून येते. शेतीचा पंप ही दिवसा चालवता येणारी वस्तू आहे, त्यामुळे बॅटरीचा खर्च वाचतो, मला ही या योजनेतली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. पाणी उपशाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण आज रातपाळीत लोक मोटारीला ऑटो (वीज आली की मोटार आपोआप चालू करणारं बटण) लावून झोपतात, पाणी रात्रभर वाहतं, तो पण उपसाच झाला.

@वाडीवरचा तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्याही बावीस एकरातून एक वाट जाते, ती मी धाग्यात लिहिलीच नव्हती. मी अजूनही द्यावं याच मताचा आहे, पण वाट सोडून आणि दोन एकर चाऱ्याला राखून. शुक्रवारी ग्रामसभा आहे, ठरावात काय काय असावं ते लिहून द्याल का, मी उभा राहून वाचतो.

वाडीवरचा
लिहून देतो. पण आधी एक काम करा, त्या गायरानात दिवाळीनंतर ज्या धनगरांच्या मेंढ्या बसतात त्यांना निरोप पाठवा. त्यांची नावं तुमच्या मतदार यादीत नाहीत, म्हणून ग्रामसभेला त्यांना कोणी बोलवत नाही.

पाटावरचा
आज संध्याकाळीच जातो, तळ ओढ्यापलीकडे पडलाय.